जीवशास्त्रीय मजकुराच्या अनुवादात शास्त्रीय नावे कशी हाताळावीत

जीवशास्त्रावरील मजकूर मराठीत आणताना अनुवादक परिभाषेच्या शब्दांवर पुष्कळ वेळ खर्च करतो. शास्त्रीय नावे मात्र 'जशीच्या तशी उतरवायची' असल्यामुळे त्यांच्याकडे फारसे लक्ष देत नाही. नाव बदलायचे नाही हा नियम बरोबरच आहे. पण ते नाव मराठी वाक्यात बसवायचे कसे, कोणत्या लिपीत लिहायचे, त्याचा संक्षेप कसा करायचा, त्याच्याशेजारी कोणते मराठी नाव ठेवायचे आणि मूळ लेखात कालबाह्य नाव आढळले तर काय करायचे, हे प्रश्न त्या नियमाने सुटत नाहीत. या लेखात वाचनाच्या सोयीसाठी सर्व नावे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष कामात रोमन लिपीचे स्थान कोणते, हे पुढे सांगितले आहे.

आधी नावाची घडण समजून घ्यावी

दोन शब्दांचे नाव देण्याची पद्धत कार्ल लिनीअस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने रूढ केली. वनस्पतींच्या नावांची सुरुवात त्याच्या १७५३ सालच्या 'स्पीशीज प्लांटारम' या ग्रंथापासून मानतात, तर प्राण्यांच्या नावांची सुरुवात 'सिस्टेमा नॅचुरी' या ग्रंथाच्या १७५८ सालच्या दहाव्या आवृत्तीपासून मानतात. पहिला शब्द प्रजातीचा (इंग्रजीत जीनस) आणि दुसरा शब्द त्या प्रजातीतील विशिष्ट जातीचा (स्पीशीज) असतो. दोन्ही मिळून जातीचे नाव होते. रोमन लिपीत पहिल्या शब्दाचे आद्याक्षर मोठे, दुसऱ्याचे लहान आणि दोन्ही शब्द तिरप्या अक्षरांत, ही मांडणी सर्वत्र पाळली जाते. दुसरा शब्द एखाद्या व्यक्तीच्या किंवा देशाच्या नावावरून आलेला असला तरी त्याचे आद्याक्षर लहानच राहते.

वनस्पती, प्राणी आणि जीवाणू यांच्या नामकरणाचे नियम वेगवेगळ्या संहितांत आहेत, आणि अनुवादकाला त्याचे दोन परिणाम ठाऊक असले पाहिजेत. पहिला असा, की प्रजातीचे एकच नाव वनस्पतीला आणि प्राण्यालाही असू शकते. मोरस म्हणजे तुतीची प्रजाती, आणि मोरस हीच गॅनेट या समुद्रपक्ष्यांचीही प्रजाती आहे. फायकस ही वडा-पिंपळाची प्रजाती, पण त्याच नावाची समुद्री गोगलगायींचीही एक प्रजाती आहे. दुसरा परिणाम असा, की प्राण्यांच्या नावात एकच शब्द दोनदा येऊ शकतो, वनस्पतींच्या नावात तो येऊ शकत नाही. नागाचे नाव नाजा नाजा आणि काळ्या उंदराचे रॅटस रॅटस असे आहे. उत्साही मुद्रितशोधक यातील एक शब्द 'चुकून दोनदा पडला' म्हणून काढून टाकतो, हा धोका लक्षात ठेवावा.

इथेच एका मराठी अडचणीचाही निकाल लावलेला बरा. मराठी विश्वकोशाच्या धाटणीच्या शास्त्रीय लेखनात वरच्या पातळीला प्रजाती आणि तिच्यातील घटकाला जाती म्हणतात. हिंदीत मात्र प्रजाति हा शब्द मराठीतील जातीसाठी वापरतात आणि वरच्या पातळीला वंश म्हणतात. मराठी बातम्यांत हिंदीचा वापर शिरल्यामुळे 'वाघाची प्रजाती' अशी रचना सर्रास दिसते. कोणती जोडी वापरायची ते कामाच्या पहिल्याच दिवशी ठरवून प्रकाशकाला किंवा संपादकाला लेखी कळवावे. माझे मत प्रजाती आणि जाती या जोडीच्या बाजूने आहे, कारण कुल, गण, वर्ग, संघ या इतर मराठी संज्ञांशी तिचा मेळ बसलेला आहे. पण त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे एका पुस्तकात दोन पद्धती येऊ देऊ नयेत.

पहिली पायरी: नावांची यादी

अनुवादाला हात घालण्यापूर्वी संपूर्ण मजकूर वाचून त्यातील प्रत्येक शास्त्रीय नाव एका तक्त्यात उतरवावे. तक्त्यात मूळ रोमन रूप, ते कोणत्या पानावर प्रथम आले, जीव कोणत्या गटातील आहे, देवनागरी रूप आणि मराठी नाव असे रकाने पुरेसे होतात. रोमन रूप हाताने पुन्हा टंकित करू नये, मूळ फाइलमधून उचलून चिकटवावे. मूळ प्रत छापील पानावरून यंत्राने वाचून तयार केलेली असेल तर मात्र तीवरही विश्वास ठेवू नये. तिरपी अक्षरे वाचताना ही यंत्रे हमखास गोंधळतात, आणि शब्द अनोळखी असल्यामुळे चूक डोळ्याला खटकतही नाही.

यंत्रानुवादाचे साधन किंवा अनुवादस्मृती (आधीचे अनुवाद साठवून पुन्हा सुचवणारी संगणकीय सोय) वापरत असाल तर या यादीतील सर्व नावे 'अनुवाद करू नये' अशा गटात टाकावीत. कॅन्सर पॅग्युरस हे युरोपातील एका खाद्य खेकड्याचे नाव आहे. यंत्राला मोकळे सोडले तर त्यातून कर्करोग बाहेर पडू शकतो.

दुसरी पायरी: नाव पडताळणे

प्रत्येक नाव एखाद्या विश्वासार्ह सूचीत शोधावे. वनस्पतींसाठी क्यू येथील वनस्पतिउद्यानाची 'प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' ही सूची, सागरी जीवांसाठी 'वर्म्स', जीवाणूंसाठी 'एलपीएसएन' आणि एकंदर सर्व जीवांसाठी 'जीबीआयएफ' किंवा 'कॅटलॉग ऑफ लाइफ' या सूची विनामूल्य पाहता येतात. शोधताना तीन गोष्टी पाहायच्या: वर्णलेखन बरोबर आहे का, नाव आज मान्य आहे का, आणि जीव खरोखर मजकुरात वर्णन केलेल्या गटातला आहे का.

वर्णलेखनाच्या बाबतीत आपल्या तर्काला आवर घालावा लागतो. बंगालवरून आलेले विशेषण वडाच्या नावात बेंघालेन्सिस आहे, म्हणजे फायकस बेंघालेन्सिस. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाच्या नावात मात्र ते बेंगालेन्सिस आहे, म्हणजे जिप्स बेंगालेन्सिस. पहिल्या नावाच्या रोमन रूपात एच हे अक्षर आहे, दुसऱ्यात नाही, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. घोणस या सापाचे नाव दाबोइया रसेलिआय हे पॅट्रिक रसेल यांच्यावरून पडले. त्यांच्या आडनावात एल हे अक्षर दोनदा येते आणि सापाच्या नावात एकदाच. नाव प्रथम ज्या रूपात प्रसिद्ध झाले ते रूप सर्वसाधारणपणे टिकते, म्हणून अशा 'चुका' सुधारण्याच्या भानगडीत पडू नये.

शेवटच्या अक्षरांबाबतही हेच. घरचिमणी पॅसर डोमेस्टिकस, घरमाशी मस्का डोमेस्टिका. विशेषण एकच आहे, पण लॅटिनमध्ये ते प्रजातीच्या नावाच्या लिंगाप्रमाणे बदलते. यात फसवे प्रकारही आहेत: फायकस हा शब्द पुल्लिंगी वाटतो, तरी वृक्षांची नावे परंपरेने स्त्रीलिंगी मानतात, म्हणून पिंपळाचे नाव फायकस रिलिजिओसा असे होते. सेपियन्स या शब्दातील अखेरचा स हा अनेकवचनाचा प्रत्यय नाही; एका माणसालाही होमो सेपियन्सच म्हणायचे, 'होमो सेपियन' असे रूप अस्तित्वात नाही.

आता कालबाह्य नावांचा प्रश्न. टोमॅटोला लिनीअसने १७५३ मध्ये सोलॅनम लायकोपर्सिकम म्हटले. १७६८ मध्ये फिलिप मिलर यांनी त्याला लायकोपर्सिकॉन एस्क्युलेंटम असे नाव दिले आणि ते दीर्घकाळ पाठ्यपुस्तकांत टिकले. आज पुन्हा पहिलेच नाव मान्य आहे. बाभळीचे अकेशिया निलोटिका हे नाव आता व्हॅकेलिया निलोटिका झाले आहे. आतड्याच्या संसर्गास कारण होणारा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जीवाणू २०१६ पासून क्लॉस्ट्रिडिऑइडिस या प्रजातीत गणला जातो. मूळ लेखात जुने नाव असेल तर अनुवादकाने ते स्वतःच्या अधिकारात बदलू नये. लेखकाचा युक्तिवाद, त्याने वापरलेले नमुने आणि जुन्या लेखांतील नोंदी त्या नावाशी जोडलेल्या असतात. जुने नाव तसेच ठेवून तळटीपेत 'सध्याचे मान्य नाव अमुक' अशी अनुवादकाची म्हणून स्पष्ट खूण असलेली नोंद द्यावी. सामान्य वाचकांसाठीच्या पुस्तकात किंवा शालेय साहित्यात तळटीप अवजड वाटत असेल, तर लेखकाची किंवा संपादकाची संमती घेऊन नवे नाव वापरावे. उघड मुद्रणदोष असेल तर तो दुरुस्त करावा, पण तक्त्यात त्याची नोंद ठेवावी.

तिसरी पायरी: मराठी नाव निवडणे

इंग्रजीतील बोलीनावावरून मराठी नावाकडे जाऊ नये. नेहमी शास्त्रीय नावावरून जावे. रॉबिन हा शब्द युरोपातील लेखात आला तर तो एरिथॅकस रुबेक्युला हा छोटा पक्षी असतो, उत्तर अमेरिकेतील लेखात आला तर टर्डस मायग्रेटोरियस हा कस्तूर पक्ष्यांच्या प्रजातीतील पक्षी असतो. शब्दकोशात पाहून दोघांनाही दयाळ म्हटले, तर दोन्हीकडे चूक होते, कारण दयाळ म्हणजे कॉप्सिकस सॉलॅरिस हा तिसराच पक्षी. एल्क या शब्दाचीही तीच गत आहे: युरोपात तो ॲल्सेस ॲल्सेस, अमेरिकेत सर्व्हस कॅनडेन्सिस. मराठीत बिबट्या आणि चित्ता यांची जी गल्लत होते, तीही शास्त्रीय नाव पाहिले की टळते. पँथेरा पार्डस असेल तर बिबट्या, ॲसिनोनिक्स जुबेटस असेल तर चित्ता.

ज्या जीवाला मराठी नाव नाही त्याच्यासाठी नवे नाव घडवण्याचा मोह आवरावा, निदान शास्त्रीय लेखनात तरी. शास्त्रीय नावातील विशेषणाचा शब्दशः अनुवाद करून नाव बनवणे तर विशेष धोक्याचे असते. सिला पेरुव्हियाना ही वनस्पती पेरूमधील नाही, ती भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागातील आहे; ॲस्क्लेपिआस सिरियाका ही सिरियातील नसून उत्तर अमेरिकेतील आहे. मूळ लेखक स्वतः नावाचा अर्थ उलगडून सांगत असेल, तर त्याचे स्पष्टीकरण मराठीत आणावे आणि नाव मात्र जागच्या जागी ठेवावे. एरवी त्या जीवाच्या गटाचे मराठी नाव पुरते: 'कस्तूरच्या प्रजातीतील एक पक्षी', 'निवडुंगाच्या कुलातील एक वनस्पती'.

चौथी पायरी: लिपी आणि उच्चार

विद्यार्थी, अभ्यासक किंवा डॉक्टर वाचणार असतील तर नाव पहिल्या उल्लेखात रोमन लिपीत, तिरप्या अक्षरांत दिलेच पाहिजे. याचे कारण व्यावहारिक आहे: देवनागरी रूपावरून रोमन रूप निश्चितपणे परत मिळवता येत नाही. सिल्व्हॅटिका असे वाचणाऱ्याला त्यात आय आहे की वाय, हे कळणार नाही. फ ऐकून एफ आहे की पी आणि एच, हे ठरवता येणार नाही. आणि चुकीच्या रूपाने सूचीत शोधले तर काहीच हाती लागणार नाही. पहिल्या उल्लेखानंतर मजकुरात मराठी नाव किंवा देवनागरी रूप वापरता येते. मुलांच्या किंवा निव्वळ रंजक पुस्तकात फक्त देवनागरी चालेल, पण शेवटी रोमन रूपांची सूची जोडावी. देवनागरी अक्षरे तिरपी करू नयेत असे मला वाटते. बहुतेक टंकांत ती यंत्राने वाकवलेली असतात, आणि मात्रा व रफार वाचायला त्रास होतो.

उच्चाराबाबत एकच बरोबर उत्तर नाही. फायकस लिहावे की फिकस, कोलाय की कोली, याचे उत्तर इंग्रजी वळण स्वीकारायचे की लॅटिन, यावर अवलंबून आहे, आणि जीवशास्त्रज्ञ दोन्ही प्रकारे बोलतात. मराठीत इंग्रजी वळणाची परंपरा आहे, त्यामुळे वनस्पतींच्या कुलनावांचे शेवट ॲनाकार्डिएसी, प्राण्यांच्या कुलनावांचे फेलिडी असे लिहिले जातात. वाचकाला तेच ओळखीचे वाटते. एक वळण निवडून त्याचे दहा-बारा नियम तक्त्याच्या वर लिहून ठेवावेत: सी पुढे ई किंवा आय आल्यास स, सी आणि एच एकत्र आल्यास क, शब्दारंभी पी आणि एस असल्यास प मूक, आणि असेच पुढे. व्यक्तिनामावरून आलेल्या नावात त्या व्यक्तीच्या नावाचा उच्चार शक्य तेवढा राखावा.

पाचवी पायरी: मराठी वाक्यात नाव बसवणे

नवखा अनुवादक सर्वाधिक अडतो तो इथे, कारण मराठी नाम विभक्ती लागताना आपले रूप बदलते आणि शास्त्रीय नावाला ते चालत नाही. शाळा या शब्दाचे शाळेच्या होते, आंबा या शब्दाचे आंब्याच्या होते. त्याच सवयीने मँजिफेरा इंडिकाचे 'मँजिफेरा इंडिकेच्या' असे रूप कानाला मराठी वाटेल, पण नाव बिघडलेले असेल. वाचक त्यावरून मूळ नाव इंडिका होते की इंडिके, हे सांगू शकणार नाही. म्हणून शास्त्रीय नावाचे सामान्यरूप कधीही करू नये. प्रत्यय थेट जोडणे भागच असेल तर तो न बदललेल्या नावाला जोडावा, जसे होमो सेपियन्सचे. पण त्याहून चांगला मार्ग असा, की नावानंतर 'या' घालून एखादे मराठी नाम आणावे आणि विभक्तीचा सारा भार त्या नामावर टाकावा. 'मँजिफेरा इंडिका या वृक्षाच्या पानांत', 'दाबोइया रसेलिआय या सापाच्या विषामुळे', 'ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर या माशीवर केलेल्या प्रयोगांत' अशी रचना प्रत्येक वेळी सुरळीत चालते.

या नामामुळे लिंगाचाही प्रश्न सुटतो. 'पँथेरा टायग्रिस रात्री शिकार करतो' की 'करते', हे लॅटिन शब्द पाहून ठरवायचे नसते. 'पँथेरा टायग्रिस ही जाती' म्हटले तर क्रियापद स्त्रीलिंगी, 'हा प्राणी' म्हटले तर पुल्लिंगी. एका परिच्छेदात एकच नाम धरून ठेवावे, नाहीतर त्याच जीवाला कधी तो, कधी ती म्हणण्याची पाळी येते. अनेकवचनासाठीही नावाला हात लावू नये. 'या जातीचे प्राणी', 'या जातीची झाडे' असे लिहावे. मराठी नाव आणि शास्त्रीय नाव एकत्र येताना प्रत्यय मराठी नावाला लावून शास्त्रीय नाव कंसात ठेवले तर वाक्य सर्वांत हलके राहते: 'वाघाच्या (पँथेरा टायग्रिस) अधिवासात'.

प्रजातीचे नाव सर्वसामान्य शब्द म्हणूनही रुळलेले असते, आणि तेव्हा हे निर्बंध सैल होतात. 'गोरिलाच्या हातात' किंवा 'जिराफाची मान' ही साधी मराठी आहे. तिथे गोरिला हा शास्त्रीय नावाचा भाग नाही, प्राण्याचे रूढ नाव आहे.

सहावी पायरी: संक्षेप, खुणा आणि कर्त्यांची नावे

पूर्ण नाव एकदा आल्यावर प्रजातीचे फक्त आद्याक्षर देण्याची रीत आहे. रोमनमध्ये ती सोपी, देवनागरीत नाही, कारण रोमन अक्षराचे नाव लिहावे की शब्दाचे पहिले देवनागरी अक्षर, असे दोन पर्याय उभे राहतात. ई. कोलाय, सी. एलेगन्स ही पहिल्या प्रकारची रूपे वाचकांच्या परिचयाची आहेत, म्हणून तीच पद्धत सर्वत्र ठेवावी. तरीही संक्षेपात एक जुना सापळा आहे: ई. कोलाय म्हणजे बहुतेक वेळा एशेरिकिया कोलाय हा जीवाणू, पण परजीवींवरील लेखात तो एंटअमीबा कोलाय हा अमीबा असू शकतो, आणि दोघेही माणसाच्या आतड्यातच राहतात. डासांवरील लेखनात ईडिस आणि ॲनोफिलिस यांची रोमन आद्याक्षरे सारखी पडतात, म्हणून तज्ज्ञ दोन अक्षरी संक्षेप वापरतात. देवनागरीत अशा ठिकाणी पूर्ण नावच लिहावे. वाक्याच्या आरंभीही संक्षेप टाळावा.

प्रजातीच्या नावानंतर येणाऱ्या छोट्या खुणांचा अर्थ नीट समजून घ्यावा, कारण त्या गाळल्या की विधानच बदलते. एसपी. म्हणजे प्रजाती कळली, जाती ठरली नाही, एसपीपी. म्हणजे त्या प्रजातीतील अनेक जाती. मराठीत 'फायकस प्रजातीतील एक अनिश्चित जाती' आणि 'फायकस प्रजातीतील काही जाती' असे उलगडून लिहावे. सीएफ. ही खूण सांगते की नमुना त्या जातीसारखा दिसतो, पण ओळख पक्की नाही. ती टाकून दिली तर अनुवादकाने शास्त्रज्ञाच्या शंकेचे निश्चितीत रूपांतर केले असे होते. या खुणा रोमनमध्ये सरळ अक्षरांत छापतात, तिरप्या नव्हे.

उपजातीसाठी प्राणिशास्त्रात तिसरा शब्द नुसताच जोडतात, जसे पँथेरा टायग्रिस टायग्रिस. वनस्पतिशास्त्रात मध्ये दर्जा सांगावा लागतो, जसे कोबीसाठी ब्रासिका ओलेरेशिया व्हरायटी कॅपिटाटा. लागवडीतील वाणाचे नाव एकेरी अवतरणचिन्हांत आणि सरळ अक्षरांत येते. संकराची गुणाकाराची खूण, उदाहरणार्थ पेपरमिंटच्या मेंथा × पायपेरिटा या नावात, ही खूण म्हणूनच टंकित करावी. तिच्या जागी एक्स हे अक्षर घालू नये. साल्मोनेला एंटेरिका या जीवाणूचे टायफिम्युरियमसारखे उपप्रकार जाती नव्हेत. त्यांचे आद्याक्षर मोठे आणि अक्षरे सरळ असतात, ती मांडणी 'सुधारू' नये. विषाणूंच्या जातींनाही २०२१ पासून दोन शब्दांची नावे देण्याचा नियम लागू झाला आहे, पण विषाणूचे रोजच्या वापरातील नाव आणि त्याच्या जातीचे नाव या वेगळ्या गोष्टी आहेत आणि मूळ लेखात जे असेल तेच ठेवावे.

नावापुढे येणारे कर्त्याचे, म्हणजे ते नाव देणाऱ्या शास्त्रज्ञाचे, नाव आणि कंस हेही अर्थपूर्ण असतात. वाघाच्या नावापुढे लिनीअस आणि १७५८ हे कंसात येतात, कारण लिनीअसने तो प्राणी फेलिस प्रजातीत ठेवला होता आणि नंतर तो हलवला गेला; होमो सेपियन्स मात्र मूळच्याच प्रजातीत राहिल्यामुळे त्यापुढील लिनीअस, १७५८ यांना कंस नाही. भेंडीच्या ॲबेलमोस्कस एस्क्युलेंटस या नावापुढे कंसात एल., म्हणजे लिनीअस, आणि कंसाबाहेर ती वनस्पती नव्या प्रजातीत आणणाऱ्या मोएंक यांचे नाव येते. हे कंस व संक्षेप रोमनमध्ये जसेच्या तसे उचलावेत. सामान्य वाचकांसाठी कर्त्यांची नावे गाळायची असतील, तर ती सर्व ठिकाणी गाळावीत.

अखेरची तपासणी

हस्तलिखित पाठवण्यापूर्वी तक्ता समोर ठेवून प्रत्येक नाव अनुवादात शोध-सुविधेने शोधावे आणि मूळ मजकुरातील उल्लेखांशी ताडून पाहावे. जे नाव एकदाही सापडत नाही ते कुठेतरी बदललेले असते. मग फक्त रोमन नावांवरून नजर फिरवून तिरपी अक्षरे आणि आद्याक्षरे पाहावीत. प्रजातीचा शब्द किंवा त्याचा संक्षेप ओळीच्या शेवटी आणि उरलेले नाव पुढच्या ओळीत असे पडू नये म्हणून मध्ये न तुटणारी मोकळी जागा घालावी. मांडणीकाराकडून परत आलेल्या प्रतीत हे सर्व पुन्हा पाहावे लागते, कारण टंक बदलताना तिरपी अक्षरे सरळ होतात आणि गुणाकाराची खूण एक्स होऊन परतते.